पेटीत नसलेला गंधार

मला ‘पंडित’ ही पदवी साकीनाक्याच्या एका फ्लेक्सवाल्याने दिली. माझं नाव सतीश मेस्त्री. अंधेरीच्या एका लग्नात संगीताच्या कार्यक्रमाचा बोर्ड छापायचा होता आणि फ्लेक्सवाल्याचं म्हणणं पडलं, की एवढ्या मोठ्या बोर्डावर हे नाव फर्निचरच्या दुकानाचं वाटतं. त्याने कुणालाही न विचारता पुढे ‘इलेक्ट्रो पंडित’ जोडलं, मागे एक सतार आणि एक कवटी टाकली आणि बोर्ड पाठवून दिला. मी सतार वाजवत नाही. कवटीशीही माझा काही संबंध नाही. पण लोक वीस-वीस वर्षं घसा फोडून जिची वाट बघतात ती पदवी मला फुकटात मिळत होती, म्हणून मी गप्प बसलो. त्याला आता सतरा वर्षं झाली आणि माझे शेजारीसुद्धा मला पंडितजी म्हणतात.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून ‘शास्त्रीय संगीत आणि डिस्को’ यावर अनुभव लिहा म्हणून सांगितलं. डिस्को जाऊन जमाना झाला, हे त्यांना सांगायचा मोह मी आवरला. माझ्या धंद्याला नाव नाही हे खरंच आहे. गवई मला डीजे म्हणतात आणि डीजे मला गवई म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात कौतुक नसतं.

तर धंदा काय ते आधी सांगतो. नाचाच्या संगीतात एक ठोका असतो, ढब ढब ढब ढब, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. तो दमत नाही, बदलत नाही आणि मध्येच तंबाखू मळायला थांबत नाही. त्या ठोक्यावर मी आलाप, ताना, सरगम, सारंगीचा एखादा तुकडा बसवतो. आवाज हळूहळू चढवत न्यायचा, एकावर एक वाद्यं रचायची, मग क्षणभर सगळं बंद करायचं आणि पुढच्या क्षणी खालच्या पट्टीतला असा दणका द्यायचा की समोरच्याच्या ग्लासातलं पाणी हललं पाहिजे. याला आमच्यात ड्रॉप म्हणतात. मैफलीत गवई आणि तबलजी लांब लांब हिंडून समेवर एकत्र येतात, तेच हे. मैफलीत तेव्हा लोकांची मान हलते, माझ्याकडे बाकीचं सगळं हलतं.

तीनतालाच्या सोळा मात्रा या ठोक्यावर चपखल बसतात. झपतालाच्या दहा बसत नाहीत. घाटकोपरच्या एका लग्नात मला हुशारी सुचली आणि मी झपताल लावला. नवऱ्याच्या मामांचा पाय दणक्याच्या आधी पडायला लागला, मामींचा नंतर. दोन आवर्तनं झाल्यावर मामांना वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी डॉक्टरला फोन लावला. चिराग धावत आला. चिराग म्हणजे मला कामं आणून देणारा इव्हेंटवाला, मूळचा घाटकोपरचाच. “पंडितजी, क्या कर रहे हो यार! एक माणूस गेला ना आपला!” मी निमूटपणे तीनतालावर आलो. मामा दोन मिनिटांत बरे झाले आणि शेवटपर्यंत नाचले.

यातलं काहीही मला परबबाईंनी शिकवलेलं नाही. त्यांनी मला फक्त गाणं शिकवलं.

शालिनी परब. दिंडोशीच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. आम्ही त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचो. माझे वडील आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. मी जिन्यात उभा राहून तासन्‌तास ओरडायचो, म्हणून सातव्या वर्षी आईने मला वर पाठवलं. “ओरडायचंच आहे तर सुरात ओरड,” एवढंच तिचं म्हणणं. पुढची सतरा-अठरा वर्षं मी बाईंकडे शिकलो. बाई शिकवताना पुस्तकी मराठी बोलायच्या आणि राग आला किंवा माया आली की मालवणीत उतरायच्या. दोन्हीतलं नेमकं काय आलंय हे आपण ओळखायचं.

बाईंनी तरुणपणी गिरगावात एका म्हाताऱ्या खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. त्या रेडिओवर गेल्या नाहीत, त्यांची रेकॉर्ड निघाली नाही. लग्न, मुलं, शाळेतली संगीतशिक्षिकेची नोकरी, एवढ्यात जन्म गेला. पण त्यांच्याकडे एक चीज होती, ती म्हणजे तोडी रागाचा गंधार. बाहेरच्यांना समजेल असं सांगतो. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, एका स्वराची एक पट्टी असते आणि शेजारी दुसऱ्या स्वराची दुसरी. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीला काढता येत नाही. तोडीचा गंधार नेमका त्या मधल्या मोकळ्या जागेत राहतो, पेटीतल्या कोमल गंधाराच्याही जरासा खाली. किती खाली हे ज्याचं त्याचं घराणं ठरवतं. बाईंच्या खाँसाहेबांचा गंधार इतरांपेक्षा आणखी खाली होता, दुखऱ्या जागेवर कुणी अलगद बोट टेकावं तसा. बाईंकडे येणारी बाकीची मुलं परीक्षेची. ती पेटी लावूनच गायची आणि पास होऊन निघून जायची. हा गंधार बाईंनी मला एकट्याला दिला होता.

मग मी गवई का झालो नाही? झालो होतो की, एक दिवस. बोरिवलीच्या एका हॉलमध्ये सकाळी माझं गाणं ठेवलं होतं. नऊ श्रोते होते, त्यातले चार जण पुढच्या मधुमेहावरच्या व्याख्यानासाठी जागा धरून बसलेले. मी तोडी गायलो. बाई पहिल्या रांगेत होत्या, त्या एकट्याच ऐकत होत्या. शेवटी आयोजकांनी मला शाल आणि नारळ दिला, फोटो काढला आणि शाल परत मागितली, कारण ती डॉक्टरांना द्यायची होती. नारळ घेऊन मी घरी आलो. पुढच्याच महिन्यात अंधेरीच्या एका हळदीला डीजेबरोबर चार ओळी आलापायला गेलो आणि दोनशे माणसं एका सुरात किंचाळली. माणसाला काय, ऐकणारा लागतो.

बाईंनी माझा कार्यक्रम एकदाच पाहिला, वसाहतीच्या गणपतीत. कानात कापूस घालून शेवटपर्यंत बसल्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी एका कानातला कापूस काढला.

“समेवर आलंस. बाकी देवाक काळजी,” म्हणाल्या आणि कापूस पुन्हा घातला.

पुढे शंकाबिंका आली की मी त्यांनाच फोन करायचो. मुलुंडच्या एका बिल्डरला नव्या टॉवरच्या समारंभासाठी सूर्योदयाचा राग हवा होता. वेळ संध्याकाळी सातची. भैरव सकाळचा राग, आता काय करावं?

“बाई, संध्याकाळी सातला भैरव गायला तर पाप लागेल का?”

“हॉलला खिडकी आहे?”

“नाही. एसी आहे.”

“मगे गा. थंय सूर्य खंय आसा?”

मी गायलो. बिल्डरने भाषणात सांगितलं, की आमच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये असाच सूर्योदय होईल. टॉवरच्या पूर्वेला त्याचाच दुसरा टॉवर उभा होता.

वर्सोव्याला एक योगवाल्या मॅडम भेटल्या. त्यांना प्रत्येक अवयवासाठी एक ट्रॅक हवा होता. “यकृतासाठी कोणता राग?” मी म्हटलं, यमन. “आणि मूत्रपिंडासाठी?” मी म्हटलं, यमनच, पण पाणी जास्त प्यायला सांगा. त्यांनी ते लिहून घेतलं. तेवढ्यात कोळीवाड्याकडून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, तर मॅडम म्हणाल्या, या निगेटिव्ह एनर्जीसाठी काही वाजवता येईल का? मी म्हटलं, मॅडम, याच्यावर फक्त भात आणि सोलकढी.

सगळ्यात मोठा मान मात्र बोरिवलीतच मिळाला. ‘परंपरेवरील आक्रमणे’ असा परिसंवाद होता आणि आक्रमण म्हणून मला बोलावलं होतं. अध्यक्ष तासभर यंत्रांविरुद्ध बोलले. यंत्राने सूर निर्जीव केला, यंत्राने कान मारले. त्यांच्या मागे इलेक्ट्रॉनिक तानपुरा अखंड चालू होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. चहाच्या वेळी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांच्या मुलीला कुठल्याशा स्पर्धेला गाण्याची ध्वनिफीत पाठवायची होती. “पोरीचा सूर जरा इकडेतिकडे होतो हो. तुमच्याकडे ते यंत्र असतं ना, नीट करणारं?”

असतं. माझ्या लॅपटॉपवर त्यासाठी मी एक बटण बांधून ठेवलं होतं, त्याचं नाव ‘साफसफाई’. नवरीच्या बहिणी, नवऱ्याचे मित्र, एकदा तर खुद्द विहीणबाई, असे सगळे लग्नात गाऊन दाखवायचे आणि त्यांचे सूर सहीसलामत घरी पोचवणं माझ्याकडे असायचं. बटण दाबलं की खोकले जातात, पंख्याचा आवाज जातो आणि प्रत्येक चुकलेला सूर उचलून जवळच्या पट्टीवर नेऊन बसवला जातो. अध्यक्षांच्या मुलीला बक्षीस मिळालं. त्यांनी मला पेढे पाठवले, कव्हरवर नाव न घालता.

एवढं सगळं हसण्यावारी नेता येतं. आता पुढचं सांगतो, ते मला अजून हसण्यावारी नेता आलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तरच्या. ऑपरेशन करावंच लागणार होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आवाजाची शीर तिथूनच जाते, आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही. बाईंनी मला फोन केला. “तुझं ते मशीन घेऊन ये. सकाळी ये, तोडी आहे.”

मी सातला पोचलो. बाईंनी शेजारणीला सांगून तिचा कुकर अर्धा तास थांबवला होता. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पस्तीस मिनिटं तोडी गायल्या. मध्ये एकदा खोकल्या, एकदा कबुतर फडफडलं, आणि शेवटी शेजारणीचा धीर सुटून कुकरची शिट्टी झालीच. पण तो गंधार! दरवेळी तिथेच, तितकाच खाली. मी मान खाली घालून लॅपटॉपकडे बघत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर रडलो असतो.

“याचं तुला काय करायचं ते कर,” बाई म्हणाल्या. “ढबढब लाव, नाचव लोकांना. मला काही नाही त्याचं. पण मूळ नीट ठेव. खाँसाहेबांचं काही राहिलं नाही. माझं एवढंच आहे.”

मी मान डोलावली.

घरी आलो आणि हात सवयीने चालला. आवाज आत घेतला, ‘साफसफाई’ दाबलं. खोकला गेला, कबुतर गेलं, कुकर गेला. आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी बायकोलासुद्धा बरेच दिवस सांगितली नव्हती. बटण दाबायच्या आधीचं आणि नंतरचं, मी दोन्ही ऐकलं. आणि मला नंतरचं जास्त सुरेल वाटलं.

मग लग्नाचा हंगाम आला. लॅपटॉप भरला, जागा नाही म्हणून कुरकुरायला लागला. मी एका दुपारी बसून जुन्या कच्च्या फायली काढून टाकल्या. साफ केलेली तोडी आहे, मग कच्ची कशाला? मुलुंडच्या एका विहिणीच्या हॉलमधल्या प्रवेशाला वाजवायच्या गाण्याची सात वेगवेगळी रूपं मात्र जपून ठेवली, कारण ती विहीण कधीही पहिलंच रूप मागेल याची मला भीती होती.

बाईंच्या आवाजावर मी जो ट्रॅक केला तो माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त चालला. लोकांनी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ केले. कुणी त्यावर कॉफी घुसळली, कुणी कुत्र्याचा वाढदिवस केला. चिराग खूश. “पंडितजी, आजी तो फायर है!” मलाही वाटलं, की बाईंना आयुष्यभर नऊ श्रोतेही मिळाले नाहीत, मी त्यांना लाखो मिळवून दिले. शिष्याने आणखी काय करायचं असतं?

ऑपरेशनची तारीख दोन-तीन महिने लांबली, पण ते नीट झालं, गाठ साधी निघाली. सहा आठवडे बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी नातवाची पाटी घेतली आणि त्यावर लिहून घर चालवायला लागल्या. मी ट्रॅक घेऊन गेलो. त्यांनी मोबाइल कानाला लावला, डोळे मिटले. पहिला आलाप झाला, ढबढब सुरू झाली, ड्रॉप आला. त्यांचा चेहरा हलला नाही. संपल्यावर त्यांनी हाताने खूण केली, पुन्हा. पुन्हा ऐकलं. मग तळहाताने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं. एरवी पाटीवर ‘दूध आणा’, ‘गॅस बंद करा’ असं शाळेतलं स्वच्छ मराठी असायचं. हे मालवणीत होतं.

‘माझो गंधार खंय गेलो?’

“आहे की, बाई,” मी म्हटलं.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी ऐकलं. मला काही वेगळं वाटेना. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांच्या खोलीतली पेटी ओढली, गंधाराची पट्टी दाबली आणि ट्रॅक लावला. दोन्ही एक झाले. यंत्राला पेटीतले बाराच सूर माहीत होते. बाईंचा तेरावा दिसल्यावर त्याने तो चूक समजून वर उचलला आणि पट्टीवर बसवला. एकदा नाही, पस्तीस मिनिटांत जितक्या वेळा आला तितक्या वेळा.

“मूळ आहे घरी,” मी म्हटलं आणि जिना उतरताना मला आठवलं, की ते नाही.

घाटकोपरला पुसलेल्या फायली परत आणून देणारा एक माणूस आहे. त्याच्याकडे लॅपटॉप चार दिवस होता. त्याने अध्यक्षांच्या मुलीचं बेसूर गाणं परत आणलं, मामांचा झपताल परत आणला, विहीणबाईंचं आठवं रूप परत आणलं जे मलाच माहीत नव्हतं. तोडी आली नाही. त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय, असं तो म्हणाला. तेलही गेलं, तूपही गेलं. मी दोन महिने दिंडोशीला गेलो नाही. बाईंचा फोन आला की कार्यक्रमात आहे म्हणून सांगायचो.

शेवटी गेलो. तोवर बाई बोलायला लागल्या होत्या, पण आवाज घोगरा झाला होता आणि तीन सुरांपलीकडे जात नव्हता. मी बसलोही नाही, उभ्यानेच सांगितलं. “बाई, मूळ गेलं. माझ्याच हातून पुसलं.”

“सगळां?”

“सगळं.”

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या खायला माझी काही हरकत नव्हती, उलट बरं वाटलं असतं.

“मी तुका शिकवलंय ना?” त्या म्हणाल्या. “मगे तुज्याकडे असतलो. गा.”

किती सोपं होतं! मी तानपुरा सुरू केला, बसलो, षड्ज लावला. अठरा वर्षं घोटलेला राग, विसरणार कसा? रिषभावरून गंधारावर गेलो. बाईंनी हात वर केला.

“ह्यो पेटयेचो.”

पुन्हा गायलो. पुन्हा पेटीचाच. खाली जायला गेलो तर सरळ बेसूर झालो, रिषभाच्या अंगावर पडलो. पंधरा-सोळा वर्षं रोज बारा सुरांच्या कुंपणात काम करून माझा कान आणि गळा दोन्ही तिथलेच झाले होते. त्या दिवशी घरी मला दोन्हीतलं दुसरं सुरेल का वाटलं, ते मला तिथे, त्या सतरंजीवर कळलं.

“मशीनीक कित्याक दोष देतंस?” बाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. त्या दिवशी वाटली तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. बोर्डावर पंडित आणि गळ्यात गुरूची एकुलती एक चीज नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दिंडोशीला जायला लागलो. बाईंना सूर काढून दाखवता येत नव्हता, म्हणून त्या तळहात आडवा धरायच्या आणि बोटाने सांगायच्या. मी गायचो, बोट खाली. आणखी खाली. मग एकदम वर, म्हणजे फार झालं. गाणं शिकवायची ही पद्धत मी कुठे ऐकलेली नाही. एकदा मी मांडीखाली मोबाइल लपवला. सूर कुठे लागतोय ते दाखवणारी सुई त्यात असते. बाईंनी पाहिलंच.

“तेका काय विचारतंस? तेका बाराच सूर ठावक.” मग शाळेतल्या मराठीत समजावलं, “खाली कुणीही जातो रे. चुकूनही जातो. दरवेळी तिथेच उतरला तर तो सूर. नाहीतर नुसताच बेसूर.”

सात-आठ महिने हे चाललं. चिराग म्हणायचा, पंडितजी, सोमवारी गुरुवारी उपास करता काय? मी हो म्हणायचो. मग एक सोमवार असा आला की बोट हललंच नाही. गुरुवारी पण नाही. तिसऱ्या वेळीही हललं नाही तेव्हा मी गाणं थांबवून विचारलं.

“बाई, लागला?”

त्यांनी हात मांडीवर ठेवला.

“खरा सांगू? माका आता कानानय कमी आयकाक येता. महिनो झालो. लागलो असतलो, नायतर नसतलो. माझ्यार भरवसो ठेवू नको.”

म्हणजे आता सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. खाँसाहेब गेले, बाईंचा गळा गेला, कान गेले, आणि ध्वनिफीत मी पुसली. मी जे गात होतो ते बाईंचं होतं की आठ महिन्यांच्या मेहनतीने पक्का केलेला माझाच घोळ होता, हे जगात कुणालाही ठरवता येणार नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत चिरागने मुलुंडला एक काम आणलं. दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन, रविवारी सकाळी दहाला. आधी वीस मिनिटं शांत क्लासिकल, मग ढबढब, मग फीत कापायची. सकाळची वेळ, म्हणून मी तोडी घ्यायची ठरवली. स्वतःच गायचं, लॅपटॉप बंद ठेवून. साउंडवर फ्रान्सिस होता, वांद्र्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तीस वर्षांत त्याने स्टेजवरच्या कुणालाही गाण्यातलं काही सांगितलेलं नाही. त्याच्या पुढ्यात एक स्क्रीन असतो, त्यावर गाणाऱ्याचा प्रत्येक सूर दिसतो. मी तपासणीसाठी दहा-बारा मिनिटं गायलो. थांबलो तर फ्रान्सिस कन्सोल सोडून माझ्याकडे चालत आला. अवघडला होता.

“सर, एक बोलू? राग नका मानू. बाकी सगळं एकदम परफेक्ट. पण एक नोट फ्लॅट जातेय, थोडी खाली.”

“कुठली?”

त्याने गुणगुणून दाखवली. गंधार होता.

“किती फ्लॅट?”

“तेच तर सर! सेम टू सेम. पहिल्यांदा वाटलं चुकून गेली असेल. मग मोजत बसलो. अकरा वेळा आली, अकराही वेळा तिथेच. थोडी पण इकडे नाही, तिकडे नाही. मी असं कधी बघितलं नाय. करेक्शन मारू?”

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, एक मिनिट, हेच पुन्हा सांग, पण मला नको. मी दिंडोशीला फोन लावला, स्पीकर सुरू केला. बाईंच्या सुनेने फोन त्यांच्या कानाला लावला.

“बाई, फ्रान्सिस म्हणून आहेत, साउंडवाले. काय म्हणतात ऐका. जोरात बोल रे, त्यांना कमी ऐकू येतं.”

फ्रान्सिसला काय चाललंय ते काही कळत नव्हतं. पण तो ओरडला. “मावशी! सरांची एक नोट फ्लॅट आहे! इलेव्हन टाइम्स! दरवेळी तितकीच खाली! मी ठीक करतो, टेन्शन नको!”

दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यातले दोन डॉक्टर आमच्याकडे बघत होते. मग फोनमधून बाईंचा तो घोगरा, तीन सुरांतला आवाज आला.

“तेका सांग, हात लावशीत तर बघ.”